नाबोरच्या नावचं कडवं

आमच्या लास गार्सासमध्ये कुणाचा खून झाला तर पोलीस येतात, कागद करतात आणि जातात. त्या कागदाला कुणी विचारत नाही. खरं काय घडलं ते गावाला कळायचं दॉन मेलितोन नोयोलाच्या गाण्यातून. कुठल्या वारी, कुठल्या जागी, पहिला हात कुणी उचलला, मरणारा शेवटचं काय बोलला, सगळं त्यात यायचं. एकदा मेलितोननं गायलं की संपलं. मग कुणी शंका काढली तर म्हाताऱ्या बायासुद्धा त्याला गप्प करायच्या, "गाण्यात आहे ना? मग झालं तर!"

माणूस अगदी साधा होता. दिवसभर लिंबांच्या बागेत राबायचा, काट्यांनी कोपरापर्यंत हात ओरबाडलेले असायचे. गिटार बापाची, आवाज आईचा, आणि नियम मात्र त्याचा स्वतःचा. गाणं करण्याआधी तीन दारी जायचं. एक मेलेल्याचं दार, दुसरं मारणाऱ्याचं, आणि तिसरं असं की ज्याचं त्या भांडणाशी काहीच देणंघेणं नाही. खुन्याच्या घरीसुद्धा त्याला खुर्ची मिळायची, कॉफी मिळायची. एकानं तर आपलं नाव गाळावं म्हणून कालवड दारात आणून बांधली होती. मेलितोननं कालवड परत पाठवली आणि नाव दोनदा घातलं.

त्याची बायको होविता जिभेची तिखट. ती म्हणायची, "कुठं कुणी मेलं की तुझी चाल बघावी. लग्नाला निघाल्यासारखा निघतोस."

"आपल्या लग्नालाही असाच निघालो होतो."

"तेच तर म्हणते मी. तेव्हाच ओळखायला हवं होतं."

एकाहत्तर साली, मे महिन्यात, सिरिलो बाचो नदीच्या उतारावर मारला गेला. मारीन घराण्यातले तिघे भाऊ दबा धरून बसले होते. जुनं वैर होतं, गुरांवरून सुरू झालेलं. सिरिलोबरोबर त्याचा कोंपाद्रे नाबोर साल्मेरोन होता. कोंपाद्रे म्हणजे आमच्याकडे सख्ख्या भावाच्या वरचं नातं. आपल्या लेकराच्या बाप्तिस्म्यात जो धर्मपिता झाला, त्याच्याशी जन्मभर चढ्या आवाजात बोलायचं नाही, आणि वेळ आली तर त्याच्यासाठी मरायचं. सिरिलोचा चार वर्षांचा मुलगा आन्सेल्मो नाबोरचा धर्मपुत्र होता. पोराची आई बाळंतपणातच गेली होती, म्हणून सिरिलो त्याला सगळीकडे घोड्यावर पुढ्यात घेऊन फिरायचा. त्या दिवशीही ते पोर बरोबर होतं.

माणसं पोहोचली तेव्हा वाळूत एकटा सिरिलो पडला होता. नाबोर नव्हता आणि पोरही नव्हतं. पोराची एक चप्पल तेवढी पाण्याच्या कडेला सापडली.

तिसऱ्या दिवशी सिरिलोची आई, दोन्या आल्बिना, मेलितोनच्या दारात आली. रडत नव्हती. काळी शाल घट्ट आवळून उंबऱ्यातच उभी राहिली.

"क्रूस उचलायच्या दिवशी गाणं पाहिजे," ती म्हणाली.

आमच्याकडे मयतानंतर नऊ दिवस प्रार्थना चालते. घरात जमिनीवर चुन्यानं क्रूस काढतात आणि नवव्या दिवशी तो गोळा करून कबरीवर नेतात. त्या दिवशी गाणं व्हावं अशी रीत आहे. मेलितोन म्हणाला, "सहाच दिवस राहिलेत, दोन्या आल्बिना. मला विचारायला हवं सगळ्यांना."

"मला विचार. आई आहे मी त्याची."

"नाबोर कुठंय?"

"पळाला." म्हातारी अजिबात न थांबता म्हणाली. "मारीनांना बघितलं आणि पाठ फिरवली. माझ्या सिरिलोला एकट्याला टाकलं. पोर पाण्यात घसरलं, त्याच्याकडेही बघितलं नाही. लिही हे. माझ्या नातवाला नदीनं नेलं, हेही लिही. नीट लिही."

मेलितोन नाबोरच्या घरी गेला. नाबोरच्या बायकोनं फट उघडली, "नाहीत घरी," म्हणाली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मारीनांकडे तो गेलाच नाही. तिघे भाऊ डोंगरात लपले होते आणि दिवस संपत आले होते. आठव्या दिवशी लिंबाच्या झाडाखाली बसून त्यानं गाणं पुरं केलं. खरं सांगायचं तर ते आपोआप पुरं झालं. आमच्या गाण्यांत शूर माणूस मरतो तेव्हा त्याला कुणीतरी दगा दिलेला असतोच, त्याशिवाय तो मरतो कसा? जागा रिकामी होती आणि नाबोर नेमका तिथं बसला.

"वैरी होते तिघे जण,
सिरिलो एकला लढला;
धर्माचा तो भाऊ नाबोर
पाठ दावून पळाला."

त्याच्यापुढं पोराचं कडवं होतं, नदीनं पोटात घेतलेल्या लेकराचं. ते त्यानं गायलं तेव्हा गडीमाणसं हॅट चेहऱ्यावर धरून रडली. एवढं चांगलं गाणं त्यानं आधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. महिन्याभरात ते ट्रकवाल्यांबरोबर पार किनाऱ्याच्या टोकापर्यंत गेलं. पुढं एका त्रिकुटानं त्याची कॅसेट काढली.

नाबोर बाराव्या दिवशी परत आला. गुत्त्यात कुणीतरी मुद्दाम तेच कडवं छेडलं. तो शेवटपर्यंत उभा राहून ऐकत होता. बाहेर पडताना समोर मेलितोन भेटला. नाबोरनं हॅटला हात लावला आणि म्हणाला, "गाणं चांगलं झालंय, दॉन मेलितोन." आठवड्याच्या आत बायको आणि मुलगी घेऊन तो अकापुल्कोला निघून गेला. निर्लज्ज मेला, असं गाव म्हणालं. मेलितोननंही तसंच धरलं. खोटं असतं तर माणूस भांडला असता, कोयता उचलला असता. एवढं कबूल केल्यावर आणखी काय विचारायचं?

यावर सत्तावीस वर्षं गेली.

अठ्ठ्याण्णवच्या पाऊसकाळाआधी एका सकाळी मेलितोन अंगणात कोंबड्यांना मका टाकत होता. चौऱ्याहत्तरी गाठली होती, गळ्यात खरखर बसली होती, पण ऐकू अजून चोख येत होतं. फाटकाशी चाळिशीला टेकलेली एक बाई आणि तिच्याहून जरा लहान वाटणारा माणूस उभा होता.

"मी ओदिलिया साल्मेरोन," बाई म्हणाली. "नाबोरची मुलगी. बाबा काल गेले. शवपेटी घेऊन आलोय. इथंच पुरा म्हणाले होते."

मेलितोननं हातातला मका एकदम टाकून दिला. "देव त्याला शांती देवो," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"पेटी आमच्या जुन्या घरात ठेवलीय. संध्याकाळी पाचला पाद्री येणार आहेत. पण खांदा द्यायला कुणी तयार नाही, दॉन मेलितोन. सकाळपासून दहा दारं फिरले. एकानं तर तोंडावर सांगितलं, ज्यानं पाठ दाखवली त्याला आम्ही खांदा कशाला दाखवू? बँडवालेही नाही म्हणाले."

आमच्या गावात पेटी गाडीतून नेत नाहीत. गडीमाणसं खांदे बदलत नेतात, पुढं बँड असतो. गाडीतून गेला तो कुत्र्याच्या मौतीनं गेला, असंच धरतात. मेलितोन जरा तुटकच म्हणाला, "पोरी, मी काय करू? जे घडलं ते मी गायलं."

तेव्हा तो माणूस पहिल्यांदा बोलला. "जे घडलं नाही ते गायलात, आजोबा. मी आन्सेल्मो. सिरिलोचा मुलगा."

होविता आतून वाफवलेल्या मक्याच्या तमाल्यांचं पातेलं घेऊन येत होती, ती दारातच थबकली. म्हणाली, "आवे मारिया! कान तर बघ, मेलितोन. सिरिलोचेच कान आहेत."

मग सगळं बाहेर आलं. उतारावर मारीन दिसले तेव्हा सिरिलोनं पोर उचलून नाबोरच्या हातात दिलं होतं. वैरी बापाला मारून थांबत नसतात, पोरगा मोठा होऊन सूड घेईल म्हणून पोरालाही संपवतात, हे दोघांनाही माहीत होतं. नाबोर म्हणाला, मी थांबतो, तू पोर घेऊन जा. सिरिलो म्हणाला, त्यांना मी हवाय, मी गेलो तर ते मागं येतील. तू जा, आणि पोर जिवंत आहे हे कुणाला सांगू नकोस. शपथ घातली. नाबोर पोराला छातीशी बांधून नदीत शिरला आणि दहा दिवस डोंगरातून चालत पोराला आपल्या बहिणीकडे पोचवून आला. पुढं अकापुल्कोत त्याला स्वतःचं आडनाव दिलं आणि स्वतःचा मुलगा म्हणून वाढवलं.

"आजीला माहीत होतं," आन्सेल्मो म्हणाला. "नाबोरबाबांनी दुसऱ्याच दिवशी तिला निरोप धाडला होता. दरवर्षी डोळ्यांच्या डॉक्टरकडे म्हणून अकापुल्कोला यायची ना, ती माझ्याकडे यायची. मारीनांना मी मेलो हे पटायला हवं होतं. आणि ज्याचं गाणं त्यांना पटेल असा गावात एकच माणूस होता."

दोन्या आल्बिनाला जाऊन सहा वर्षं झाली होती. तिन्ही मारीनांतला शेवटचा याच वर्षी ईस्टरआधीच्या उपवासांत गेला होता. आता बोलायला मोकळीक होती, पण ज्याच्यासाठी बोलायचं तोच पेटीत पडला होता.

मेलितोन ताडकन पुढं आला. "माझं तोंड वापरलं तिनं! चाळीस वर्षं मी खरं गायलो, ते हिच्या खोट्याला कामी यावं म्हणून? आणि तो! तो का नाही बोलला मला? कानात सांगायचं होतं!"

"ते कधीच तुमच्याबद्दल वाईट बोलले नाहीत," ओदिलिया म्हणाली. "दाढी करताना तेच गाणं म्हणायचे. सगळं, त्यांचं कडवंसुद्धा. आई चिडायची. ते म्हणायचे, सिरिलो आता तेवढ्यातच उरलाय, गाऊ दे मला. एकच कुरकुर होती. म्हणायचे, घोडा तांबडा नव्हता, करडा होता. दॉन मेलितोनला कुणीतरी सांगा."

मेलितोन खाली बसला. त्याला एकदम ते शब्द आठवले, गाणं चांगलं झालंय. सत्तावीस वर्षं तो त्यांना निर्लज्जपणा समजत आला होता. त्या माणसानं बापुड्यानं खरंच सांगितलं होतं की चांगलं झालंय, पोर वाचेल यानं. म्हातारा ढसाढसा रडला. चाळीसेक मेलेल्यांची गाणी करताना त्याचे डोळे कधी भरले नव्हते, हे होविता सांगते.

बारा वाजता तो गिटार घेऊन चौकात गेला. नवं गाणं तो नेहमी चौकातच पहिल्यांदा गायचा, म्हणून लोक भराभर जमले. गुत्तेवाला एवारिस्तो हात पुसत बाहेर आला. मेलितोननं सिरिलोचंच गाणं धरलं. आवाज फाटत होता, तरी लोक मान डोलवत होते. त्या कडव्याशी आल्यावर त्यानं तारांवर हात ठेवला.

"हे कडवं खोटं आहे," तो म्हणाला. "मी नीट विचारलं नव्हतं. नाबोर पळाला नाही. पोर घेऊन गेला. हा बघा तो पोरगा, जिवंत उभा आहे."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याला काय चारलं रे यांनी?"

"मी आन्सेल्मो बाचो," आन्सेल्मो पुढं येऊन म्हणाला.

"बाचोचं पोर बुडालं," एवारिस्तो म्हणाला. "गाण्यात आहे. तू कोण कुठला, आम्हाला काय ठाऊक? दॉन मेलितोन, ऊन लागलंय तुम्हाला. घरी जा."

"अरे, गाणं मी केलंय! मीच सांगतोय!"

"केलं तेव्हा शुद्धीत होतात," एवारिस्तो म्हणाला. लोक हसले. आणि मग, मला आजही सांगताना लाज वाटते, त्या हसण्यातून कुणीतरी सूर धरला. बघता बघता सगळ्या चौकानं ते कडवं उचललं. पाठ दावून पळाला, पाठ दावून पळाला. मेलितोन हात वर करून थांबा थांबा म्हणत होता, आणि त्याचंच गाणं त्याच्या अंगावरून जात होतं.

घरी येऊन तो गिटार मांडीवर घेऊन नुसताच बसला. तीन वाजून गेले होते.

"मी पुढं होऊन आजीचं सांगतो," आन्सेल्मो म्हणाला. "तिनं खोटं सांगितलं म्हणून सांगतो."

"खबरदार!" मेलितोन म्हणाला. "तिनं नातू वाचवला. तिच्या कबरीवर कुणी थुंकायला नको. ती काहीही बोलली असती, तीन दारी जायचं ते माझं काम होतं. मी एकाच दारचं ऐकलं. ते पाप माझंच आहे."

होविता चुलीशी पाठमोरी होती. ती तशीच म्हणाली, "चाळीस वर्षं तूच त्यांना शिकवलंस की कुणीतरी दगा दिल्याशिवाय गाणं होत नाही. आता तू नाबोरला तिथून उठवतोयस, आणि जागा रिकामी ठेवतोयस. ते कसं सोसतील? त्यांना तिथं कुणीतरी बसवून हवं."

मेलितोन उठून मागच्या लिंबांत गेला. तासाभरानं आला तेव्हा त्यानं ओला हात चेहऱ्यावरून फिरवला, हॅट घातली आणि होविताला म्हणाला, "लोक तुलाही बोलतील."

"त्यांना काय मी आज ओळखते?" होविता म्हणाली. "चल."

नाबोरचं जुनं घर चौकाच्या कडेलाच होतं. पेटी दारात आणून ठेवली होती, शेजारी पाद्री घड्याळ बघत उभा होता. समोरच्या सावलीत गावातली गडीमाणसं गंमत बघायला बसली होती, मदतीला नव्हे. मेलितोन पेटीच्या उशाशी उभा राहिला आणि पुन्हा तेच गाणं लावलं. कुणी शीळ घातली, कुणी हसलं. तो थांबला नाही. घोडा त्यानं या वेळी करडा गायला. आणि त्या कडव्याची जागा आली तेव्हा चालीला धक्का न लावता त्यानं गायलं:

"दगा कुणी दिला ऐका,
नाबोरनं नाही दिला;
एकाच दारी पुसून
मेलितोन खोटं गायला.

पोर उराशी धरून
नाबोर नदीत शिरला;
जीव राखला पोराचा,
जन्म स्वतःचा हरला."

सावलीतलं हसणं थांबलं. म्हातारा शुद्धीवर नाही असं म्हणायची आता सोय नव्हती. गाणं नेमकं मापात बसलं होतं. वार, जागा, नावं, सगळं जिथल्या तिथं होतं, आणि दगा देणारा समोर उभा होता. आमच्याकडे माणूस बोलताना काहीही बोलेल, पण गाण्यात स्वतःचं नाव दगाबाज म्हणून घालेल, असं कुणी ऐकलं नव्हतं. कुणासाठी कुणी असं का करेल, खरं असल्याशिवाय?

"पुन्हा म्हणा," एवारिस्तो म्हणाला.

मेलितोननं पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना एवारिस्तोचे ओठ हलत होते. तो पाठ करत होता. मग तो उठला, आन्सेल्मोसमोर जाऊन उभा राहिला, त्याचा चेहरा जवळून न्याहाळला आणि हॅट काढून पेटीच्या पुढच्या कोपऱ्याशी वाकला. त्याच्यामागून दुसरा आला, तिसरा आला. पेटी उचलताना खांद्यांची रेटारेटी झाली. बँडवाला धावत जाऊन आपलं वाद्य घेऊन आला. सगळे आले नाहीत. काही जण सावलीतच बसून राहिले, त्यांचं तोंड कोण धरणार? पण नाबोर साल्मेरोन गावाच्या खांद्यावरून गेला.

मेलितोनही खांदा द्यायला पुढं झाला तेव्हा एवारिस्तोनं त्याला हातानं बाजूला केलं. "तुम्ही नको," तो म्हणाला. मेलितोन मागं सरकला आणि मिरवणुकीच्या शेवटी, बायांच्याही मागून, चालत गेला.

ते कडवं आगीसारखं पसरलं. लिंबं तोडताना पोरं म्हणायची, ट्रकवाले म्हणायचे. पुढल्या वर्षी नव्या कॅसेटवर ते आलं. मेलितोनच्या दारात त्यानंतर कुणी गाणं मागायला आलं नाही. जो एकदा खोटं गायला तो परत गाणार नाही कशावरून? लोकांचं बरोबर होतं. गावात पुढं दोन खून झाले, त्यांची गाणी पलीकडच्या गावच्या माणसानं केली. मेलितोननं गिटार आन्सेल्मोला दिली. रस्त्यात पोरं त्याच्यामागून ते कडवं म्हणत जायची. होविता दगड उचलायची, तो तिचा हात धरायचा.

"म्हणू दे," तो म्हणायचा. "म्हणतात तोवर नाबोरही आहे त्यात."

तीन वर्षांनी तो झोपेतच गेला. अकापुल्कोहून ओदिलिया आणि आन्सेल्मो आले आणि त्यांनी खांदा दिला. स्मशानाच्या फाटकाशी बँडवाला होविताजवळ येऊन अडखळत म्हणाला, "दोन्या होविता, कोणतं वाजवू? त्यांचं नाव असलेलं एकच गाणं आहे... तेवढं मी वाजवणार नाही."

"तेच वाजव," होविता म्हणाली. "त्यानं केलेल्यातलं तेवढंच एक त्यानं स्वतःच्या नावावर केलंय."

बँड सुरू झाला. गाव आधी बिचकलं, मान खाली घालून गायलं. त्या कडव्याशी आल्यावर लोकांचे आवाज बारीक झाले, कुणालाच ते म्हणायचं नव्हतं. तेव्हा होवितानं डोक्यावरची काळी शाल मागं सारली, आणि नवऱ्याचं नाव घेऊन ती ओळ एकटीनं, मोकळ्या गळ्यानं, पुरी गायली.